सतरा महिन्यांची मुलगी अजून चालत नाही. थांबावे की डॉक्टरांना दाखवावे?

कवडसा

माझी मुलगी येत्या आठवड्यात सतरा महिन्यांची होईल. गर्भारपणाचे ३९ आठवडे पूर्ण होऊन ती जन्मली, सातव्या महिन्यात आधाराविना बसू लागली, आता सात-आठ शब्द बोलते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते आणि हाक मारली की वळून पाहते. फक्त ती चालत नाही. रांगलीही नाही. पालथे घातले की रडून घर डोक्यावर घ्यायची, त्यामुळे पोटावर ती फारशी राहिलीच नाही. दहाव्या महिन्यापासून एक पाय दुमडून आणि दुसऱ्या पायाने जमीन रेटत ती बुडावर सरकते, आणि तिचा वेग असा आहे की मी दार लावून वळेपर्यंत ती पलीकडच्या खोलीत पोहोचलेली असते. तिच्या विजारींचे गुडघे नव्यासारखे कोरे आहेत. विरली आहे ती बुडाची शिवण.

सोळाव्या महिन्यात ती पलंगाचा कठडा धरून उभी राहू लागली. धरून दोन-तीन पावले बाजूला टाकते आणि पटकन खाली बसते. तिच्याहून तीन आठवड्यांनी लहान असलेला तिचा आतेभाऊ अकराव्या महिन्यातच चालू लागला, त्यामुळे नातेवाईक भेटले की बोलणे फिरून याच विषयावर येते. सासूबाई म्हणतात की हिचे बाबाही असेच उशिरा चालले, तेव्हा घोर लावून घेऊ नये. माझी आई म्हणते की इतके थांबणे बरे नव्हे. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य वाटते आणि म्हणूनच माझा निर्णय होत नाही. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी आणि जाणकारांनी, नेमके कशाकडे पाहायचे ते कृपया सांगावे. ‘प्रत्येक मूल वेगळे असते’ हे वाक्य मी पुरेसे ऐकले आहे.

निरीक्षक

आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण घरातल्या वादात तेच सर्वांत आधी विसरले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या ५ देशांतील ८१६ निरोगी बाळांची वाटचाल नोंदवून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत आधाराविना चालू लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला दिसतो. सरासरी बाराव्या महिन्याच्या आसपास येते. पण सरासरी म्हणजे मुदत नव्हे, कारण निम्म्याच्या जवळपास बाळे तिच्यानंतरच चालतात. त्याच अभ्यासातील ४ टक्क्यांहून थोडी अधिक बाळे हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तेव्हा आपली मुलगी रांगली नाही एवढ्यावरून काही बिघडले आहे असे म्हणता येत नाही.

१७.६ हा आकडा मात्र हलक्यात घेऊ नये. शंभर निरोगी बाळांपैकी सुमारे नव्याण्णव त्या वयापर्यंत चालू लागलेली असतात, असा त्याचा अर्थ आहे. म्हणूनच बहुतेक बालरोगतज्ज्ञ अठरा महिने पूर्ण झाल्यावर न चालणाऱ्या मुलाला नीट तपासतात. उरलेले शंभरावे मूल आजारीच असते असे नाही, पण ते न तपासता कळत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये सुधारलेल्या यादीतही काही न धरता चालणे हा टप्पा अठरा महिन्यांपाशीच ठेवलेला आहे.

आतेभावाबद्दल एक गोष्ट. झुरिक येथे दोनशेहून अधिक निरोगी मुलांचा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला आणि तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुलांनी साडेआठ ते वीस महिन्यांच्या दरम्यान कधीतरी पहिले पाऊल टाकले होते, आणि कोण आधी चालले यावरून पुढे कोणाची बुद्धी किंवा चपळाई अधिक भरेल हे सांगता आले नाही. हे कौटुंबिक भेटीत सांगून फारसा उपयोग होत नाही, हे अनुभवाने ठाऊक आहे.

जुना_मुसाफिर

आमचा मुलगा एकविसाव्या महिन्यात चालला. तोही बुडावर सरकणाराच होता, आणि मीही लहानपणी तसाच होतो असे माझी आई सांगते. अठराव्या महिन्यात आम्ही त्याला दाखवले, डॉक्टरांनी तपासून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले, आणि त्या भेटीला तो माझे बोट धरून दवाखान्यात गेला. आपल्या सासूबाईंच्या सांगण्याला आधार आहे, कारण बुडावर सरकणे पुष्कळदा घराण्यात चालत आलेले असते. मात्र त्यांचे म्हणणे डॉक्टरांना सांगण्यासाठी वापरावे, डॉक्टरांकडे न जाण्यासाठी नव्हे.

पायवाट

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. मुलगी न पाहता निदान करता येणार नाही आणि तसे करूही नये. परंतु ‘कशाकडे पाहायचे’ हा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वप्रथम, पाऊल कोणत्या तारखेला पडले यापेक्षा मूल त्या पावलाच्या दिशेने सरकते आहे का, हे मी पाहते. दोन महिन्यांपूर्वी उभी राहत नव्हती, आता कठडा धरून राहते आणि बाजूला पावलेही टाकते, ही प्रगती आहे. हीच मुलगी तीन महिने एकाच जागी अडकली असती, किंवा येत असलेले काही करणे तिने सोडले असते, तर वय बारा महिने असतानाही मी तातडीने पाठवा म्हटले असते. आलेले कौशल्य हरवणे ही कोणत्याही वयात थांबण्याची गोष्ट नाही.

दुसरे, तिला काखेत धरून उचला आणि हळूच जमिनीकडे आणा. पाय खाली सोडून टेकवते का? बुडावर सरकणारी पुष्कळ बाळे अशा वेळी पाय कमरेतून वर घेतात आणि समोर सरळ धरतात, जणू हवेत मांडलेल्या खुर्चीवर बसली आहेत. पालथे पडणे त्यांना आवडत नाही, स्नायू किंचित सैल असतात, सांधे जरा जास्त वाकतात. अशी मुले बसून सगळीकडे पोहोचत असल्यामुळे त्यांना उभे राहण्याची निकडच भासत नाही, आणि इतर सर्व तपासणी चांगली असेल तर ती बहुधा दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, क्वचित त्यानंतर, चालू लागतात.

तिसरे आणि माझ्या दृष्टीने आपल्या लिखाणातील सर्वांत महत्त्वाचे. आपण लिहिले आहे की ती एक पाय दुमडते आणि दुसऱ्याने रेटते. हा रेटणारा पाय नेहमी एकच असतो का? अनेक निरोगी बाळे तसे करतात, त्यामुळे लगेच घाबरू नये; पण शरीराची एक बाजू कमजोर किंवा ताठर असेल तर तीही अशाच एकांगी सरकण्यातून पहिल्यांदा दिसते. म्हणून तिच्या नकळत दोन दिवस पाहा. उभी राहताना कोणता पाय आधी रोवते, पायरी चढताना बाजू बदलते का, खेळणे दोन्ही हातांनी घेते का, एखादी मूठ वळलेलीच राहते का? मूल वर्षाचे होण्याआधीच ठाम उजवे किंवा डावखुरे झाले, तर त्याचे कौतुक करण्याऐवजी दुसरा हात तपासून घ्यावा.

याशिवाय पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणे, टाच कधीच न टेकणे, लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाहेर न उघडणे, एक पाय आखूड वाटणे, मनगटे जाड दिसणे, यांपैकी काही असेल तर अठरा महिने पुरे होण्याची वाट पाहू नये. बोलणे, समजणे आणि हातांची कामेही मागे असतील तर प्रश्न केवळ पायांचा राहत नाही. आपल्या वर्णनात तसे दिसत नाही, ही जमेची बाजू आहे.

खिडकीजवळ

आमची गोष्ट उलट आहे आणि म्हणूनच लिहीत आहे. माझी मुलगी पंधराव्या महिन्यात चालली. म्हणजे सगळ्या तक्त्यांत ती बसत होती. चाल मात्र डुलणारी होती, प्रत्येक पावलाला अंग डावीकडे झुकायचे. नव्याने चालणारे मूल असेच चालते असे मला सर्वांनी सांगितले, नेहमीच्या डॉक्टरांनीही ती चालते आहे ना एवढेच विचारले आणि वजन करून आम्हाला घरी पाठवले. विसाव्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी तिला आडवे झोपवून दोन्ही गुडघे वाकवून शेजारी शेजारी धरले, तेव्हा डावा गुडघा उजव्याहून खाली होता, आणि तो फरक मलाही दाराजवळ उभी राहून दिसला. क्ष-किरण चित्रात डाव्या खुब्याचा सांधा निखळलेला निघाला. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि कमरेपासून पायापर्यंत प्लास्टरमध्ये कित्येक आठवडे गेले. आज ती धावते.

त्या काळात उशिरा चालणाऱ्या मुलांच्या आया काळजीत होत्या आणि मी निश्चिंत होते, हे मला अजून आठवते. तारखेने माझी फसवणूक केली.

पायवाट

खिडकीजवळ, आपण हे लिहिले ते फार बरे झाले. नुकते चालू लागलेले मूल पाय फाकवून, हात खांद्यापर्यंत उचलून आणि पूर्ण तळवा टेकवून चालते, डुगडुगते, पण दोन्ही बाजूंना सारखेच डुगडुगते. एकाच बाजूचे झुकणे हे शिकाऊपण नसते. एक जोड देते. निखळलेल्या खुब्यामुळे चालणे फार लांबतेच असे नाही, त्यामुळे ‘चालते आहे ना’ या प्रश्नातून तो निसटतो.

दोघांचीआई

आमची जुळी ३१ आठवड्यांची असताना जन्मली, म्हणजे पूर्ण दिवसांपेक्षा ९ आठवडे आधी. अशा मुलांचे वय मोजताना दोन वर्षांपर्यंत ते आठवडे वजा करायचे असतात, ही साधी गोष्ट आम्हाला कोणी न सांगितल्यामुळे आम्ही उगाच पुष्कळ रात्री जागलो. एक जण कागदावरच्या सोळाव्या महिन्यात चालला आणि दुसरी त्याच्यानंतर दहा आठवड्यांनी. घर एक, आई एक, जमीन एक. मूळ प्रश्नाला हे लागू नाही, कारण आपली मुलगी पूर्ण दिवसांची आहे, पण दुसरे कोणी वाचत असेल तर उपयोगी पडेल.

सरळसोट

इतका विचार करण्याची गरज काय? वॉकर आणा. आमच्या दोन्ही मुलांना आठव्या महिन्यापासून वॉकरमध्ये बसवले आणि दोघेही वर्षाच्या आत चालले.

निरीक्षक

सरळसोट, आपली मुले वॉकरमुळे चालली की वॉकर असूनही चालली, हे दोन मुलांवरून ठरवता येणार नाही. १९० बाळांवरील एक अभ्यास २००२ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात वॉकरमध्ये घालवलेल्या दर २४ तासांमागे, म्हणजे रोजचा थोडा थोडा वेळ मिळून २४ तास झाले की, स्वतंत्र चालणे ३.३ दिवसांनी लांबलेले आढळले. कारणही समजण्यासारखे आहे. चाके असलेल्या त्या आसनात मूल लोंबकळते, चवड्यांनी जमीन ढकलते, आणि तोल सांभाळण्याचे जे काम शिकायचे ते आसनच करून टाकते. पायऱ्यांवरून गडगडणे, गरम वस्तूपर्यंत हात पोहोचणे या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

पायवाट

याला जोडून सांगते की वॉकर आणि पांगुळगाडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पांगुळगाडा मूल उभे राहून मागून ढकलते, स्वतःचे वजन स्वतः पेलते, हवे तेव्हा सोडून खाली बसू शकते. तो फार हलका असेल तर पुढे पळतो आणि मूल तोंडावर पडते, म्हणून त्यात थोडे वजन ठेवावे. तोही मूल धरून चालू लागल्यावरच द्यावा.

दोन्ही हात वर धरून मुलाला चालवण्याची हौस सगळ्यांनाच असते. अशा वेळी मुलाचा भार आपल्या हातांवर येतो, छाती पुढे झुकते आणि तोल त्याच्या कमरेत येतच नाही. त्याऐवजी मागे बसून कंबर हलकेच धरावी. त्याहून चांगले म्हणजे, घरातल्या दोन खुर्च्या अशा मांडाव्यात की एकीवरून दुसरीवर जाताना एक हात सोडावाच लागेल. मग दर दोन-चार दिवसांनी त्यांतील अंतर वीतभर वाढवावे. आवडते खेळणे जमिनीवर न ठेवता आसनाच्या उंचीवर ठेवावे, कारण जमिनीवरचे खेळणे बुडावर सरकणाऱ्याला बसण्याचेच निमित्त देते. घरात मूल अनवाणी असावे. जाड तळव्याचे, घोटा आवळणारे बूट चालायला शिकवत नाहीत. बाहेर पाय सोलू नये एवढेच बुटांचे काम.

कवडसा

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस तिच्यावर पाळत ठेवली. रेटायला नेहमी उजवाच पाय लागतो. मात्र आईच्या घरी एक बुटकी पायरी आहे, ती चढताना तिने पाच वेळा उजवा आणि चार वेळा डावा गुडघा आधी टाकला. डबीचे झाकण काढताना दोन्ही हात सारखे चालतात. काखेत धरून उचलले, तर पायवाट यांनी लिहिले आहे अगदी तसेच, पाय समोर सरळ, हवेतल्या खुर्चीवर महाराणी बसल्यासारखी. मला हसू आले आणि नंतर जरा रडूही आले.

पुढच्या आठवड्यातील वेळ घेतली आहे. डॉक्टरांना काय सांगावे, कोणत्या चाचण्या मागाव्यात?

पायवाट

चाचण्या मागू नयेत, निरीक्षणे द्यावीत. सरकताना, कठडा धरून उभी राहताना, उभी असताना खाली बसताना आणि ती पायरी चढताना अशा चार छोट्या चित्रफिती मोबाइलवर घेऊन जा, कारण परक्या खोलीत मूल आईच्या कडेवरून उतरत नाही. बाबांच्या उशिरा चालण्याचा उल्लेख जरूर करा, आणि शक्य असेल तर तेही सरकत असत का ते विचारून ठेवा. डॉक्टर स्नायूंचा ताण, गुडघ्यावर हातोडी मारून येणारी प्रतिक्रिया, खुबे आणि पाठीचा कणा पाहतील. त्यांना गरज वाटली तरच रक्ताची तपासणी होईल, त्यात बहुधा थायरॉइड, ड जीवनसत्त्व, लोह यांचा समावेश असतो. मुलगा अठरा महिन्यांनंतरही चालत नसेल तर स्नायूंतील क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात वाढले आहे का, हेही पाहतात, कारण डुशेन हा स्नायूंचा आजार प्रामुख्याने मुलग्यांत होतो आणि सुरुवातीला त्याचे लक्षण एवढेच असू शकते. हे इतर वाचकांसाठी लिहिले.

निरीक्षक

वाट पाहण्याच्या आठवड्यात वाचायला एक विषयांतर, फार मोठे नाही. पराग्वेच्या जंगलातील आचे लोकांची मुले दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात, असे मानववंशशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात नोंदवले. तिथे मुलाला जमिनीवर मोकळे सोडणे धोक्याचे असल्याने ते बराच काळ आईच्या अंगावरच असते. पुढे तीच मुले झाडांवर सरसर चढतात. म्हणजे चालण्याचे वय हे केवळ मुलाच्या पायांचे माप नसून त्याला मिळालेल्या जमिनीचेही माप आहे. सरावाचे म्हणाल, तर न्यूयॉर्कमध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोजदाद झाली होती आणि २०१२ मध्ये ती छापून आली. त्यात खेळताना मूल तासाला सरासरी २,३६८ पावले टाकते आणि १७ वेळा पडते असे दिसले.

जुना_मुसाफिर

सतरा वेळा! आमच्या घरात पहिल्या पडण्यालाच चार माणसे धावत.

कवडसा

सहा आठवड्यांनी लिहीत आहे. डॉक्टरांनी अर्धा तास तपासले. चित्रफिती पाहिल्या, विशेषतः पायरीची दोनदा पाहिली. दोन्ही बाजूंच्या प्रतिक्रिया सारख्या आहेत, खुबे ठीक आहेत, घोटे आणि गुडघे मात्र किंचित सैल आहेत. ड जीवनसत्त्व थोडे कमी निघाले, त्याचे औषध सुरू आहे. पण न चालण्याचे कारण तेच आहे असे डॉक्टरांनी म्हटलेले नाही. दर पंधरा दिवसांनी फिजिओथेरपिस्टकडे जातो आणि एकोणिसावा महिना संपला की पुन्हा दाखवायचे आहे. सासूबाईंनी आठवून सांगितले की बाबाही बुडावरच सरकत असत, आणि त्यांच्या चड्ड्यांनाही ठिगळे लावावी लागत.

खुर्च्यांतील अंतर आता तीन विती झाले आहे. काल संध्याकाळी तिने एका खुर्चीवरचा हात सोडला, दोन्ही हात कानांपाशी उचलले, तीन पावले टाकली आणि दुसरी खुर्ची गाठली. आम्ही कोणीच आवाज केला नाही. मग तिला दाराबाहेर बाबांच्या चपला वाजलेल्या ऐकू आल्या, आणि घाई असल्यामुळे ती खाली बसून उजव्या पायाने रेटत, नेहमीच्या वेगाने, दाराकडे निघून गेली.